गुलाम आचाऱ्यांचा गौरव

खऱ्या गुणी माणसाची कदर आज ना उद्या होतेच, असं म्हणत गुलामदस्तगीर मुल्लाणींनी मेव्हण्याच्या कोटाचं मधलं बटण काजापर्यंत ओढलं. बटण पोचलं नाही. मेव्हणा कराडच्या एस.टी. डेपोत होता आणि अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखा होता. आपल्या कोटात एक दिवस गुणी माणूस शिरेल, याची कल्पना त्याला नव्हती आणि त्याच्या शिंप्यालाही नव्हती.

"श्वास आत घ्या," हुसेनबी म्हणाली.

"घेतलाय की."

"अजून घ्या." तिनं बटण काजात ढकललं. "आता सत्कार हुईस्तवर सोडू नका."

मलकापूरच्या एस.टी. थांब्यावर फळा लागून आठवडा झाला होता. सोसायटीच्या व्याख्यानमालेचा हा शेवटचा रविवार. फळ्यावर लिहिलं होतं : 'गुलाम आचाऱ्यांचा गौरव. वक्ते : प्रा. जोतीराम मोहिते, सांगली. नंतर सामिष भोजन.' विश्रामबागेतल्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मोहिते सरांनी खरं तर 'अठराव्या शतकातील अमेरिकेतील गुलाम आचाऱ्यांचा गौरव' असा विषय कळवला होता. १९७६ साल होतं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली होती, आणि त्या निमित्तानं सरांना तिथली वर्षानुवर्षं विसरलेली माणसं आठवली होती. पण पेंटरचा फळा लहान होता. त्यानं आधी शतक गाळलं, मग देश गाळला. उरलेला मजकूर मात्र मापात बसला.

मराठीत एका माणसाला मान द्यायचा असला तरी 'आचाऱ्यांचा' आणि शंभर मेलेल्यांबद्दल बोलायचं असलं तरी 'आचाऱ्यांचा'. मलकापुरात आचारी बरेच होते, पण गुलाम आचारी एकच होता.

"मला सत्कार-बित्काराचं काय न्हाई," हुसेनबी फेट्याचा शेव सारखा करत म्हणाली. "इतक्या पंगती उठवल्यासा. एकदा तरी कुणी इचारलं का, 'कुणी केलंय' म्हून?"

कुणी विचारलं नव्हतं. लोक बोटं चाटत उठत आणि म्हणत, लालासाहेबांचं मटण झ्याक, पाटलांच्या लग्नातला रस्सा लय भारी. मटण लालासाहेबांचं, रस्सा पाटलांचा, आणि धूर तेवढा गुलामचा.

"आता समदे इचारतील," गुलामदस्तगीर म्हणाले. श्वास आत असल्यामुळे आवाज लहान आला.

त्या दिवशीचं मटणही त्यांच्याकडेच होतं. आपल्या सत्काराचं जेवण आपणच करायचं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सत्कारच चांगल्या आचाऱ्याचा म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला सांगणार? मांडवाच्या मागं चुलवाणावर पातेलं चढवून, मसाला परतून, रश्श्याला उकळी आणून त्यांनी डाव जोडीदाराच्या हातात दिला. बिराप्पा जतकडचा, निम्मं कानडी बोलणारा. आजवर त्यानं डाव धरला होता, पण तो एकट्याच्या जिवावर कधी धरला नव्हता.

"जाळ बारीक ठेव. तळ हलवत ऱ्हा. मी एवढा सत्कार घिऊन आलो."

"हूं री. जावा तुमी."

पहिल्या रांगेत चेअरमन लालासाहेब बसले होते. शेजारच्या खुर्चीत गुलामदस्तगीर येऊन टेकल्यावर त्यांनी मान वळवली.

"गुलाम, हितं कसा रं? चुलीवर कोण हाय?"

"बिराप्पा हाय. बोर्डावर नाव हाय न्हवं माझं."

लालासाहेबांनी कोटाकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, बायकांच्या बाजूला हिरव्या लुगड्यात ताठ बसलेल्या हुसेनबीकडे पाहिलं. अवेळी खरं न बोलण्याच्या जोरावर त्यांनी सोसायटीच्या सगळ्या निवडणुका जिंकल्या होत्या.

"बस, बस," ते म्हणाले.

मोहिते सर उभे राहिले. "आज आपण गुलाम आचाऱ्यांचा गौरव करण्यासाठी इथं जमलो आहोत."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. गुलामदस्तगीर उभे राहिले, चारी दिशांना वळून त्यांनी हात जोडले. विश्रामबागेत हेच भाषण सरांनी आठ-दहा पेंगणाऱ्यांपुढं केलं होतं. खेड्यातला एक म्हातारा विषयाच्या आदरानं उठून उभा राहिलेला पाहून त्यांना भरून आलं. त्यांनीही हात जोडले.

"बसा बाबा, बसा. तर, सतराशे चौऱ्याऐंशी साली अमेरिकेहून एक तरुण गुलाम आपल्या मालकाबरोबर पॅरिसला निघाला..."

टाळ्या विरळ झाल्या. मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं,

"गड्या, गुलाम अमेरिकेला कवा गेलता?"

"कोट तिथलाच दिसतूय!"

हशा मांडवाच्या मागच्या टोकापासून पुढं सरकत आला. गुलामदस्तगीर खाली बसले आणि त्यांनी श्वास सोडला. मधलं बटण सुटून टणकन उडालं आणि व्यासपीठाखाली गेलं. बायकांच्या बाजूला पाहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. उठून चुलीकडे जायचं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, त्यावर हात ठेवले आणि खाली बघत बसून राहिले. कान मात्र उघडेच होते. ते मिटता येत नव्हते.

सर सांगत होते. त्या तरुणाचं नाव जेम्स हेमिंग्ज. त्याचा मालक जेफरसन, स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं त्यात त्यानं लिहिलं, आणि मग हात धुऊन तो जेवायला बसला. जेवण करणारी माणसं त्याच्या मालकीची होती. पॅरिसमध्ये जेम्स मोठमोठ्या आचाऱ्यांच्या हाताखाली राबला. ज्या स्वयंपाकघरात तो नवखा म्हणून शिरला, तिथला मुख्य होऊन निघाला. त्याच्या हातचं खाऊन वजीर नि राजदूत खूश होऊन जात, आणि जाताना मालकाच्या चवीची तारीफ करत.

गुलामदस्तगीरांची मान वर आली.

"फ्रान्समध्ये त्याला कोर्टात जाऊन सुटका मागता आली असती," सर म्हणाले. "तरी तो परत आला. पुढं त्यानं मालकाकडेच सुटका मागितली. मालक म्हणाला, देतो. पण एका अटीवर. माझ्या जिभेला तुझ्या हाताची सवय झालीय. तुझ्यासारखाच दुसरा तयार कर, मग जा."

अमेरिका कुठं आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण अट सगळ्यांना कळली. कोटाला हसलेला मागचा गडीसुद्धा तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मांडवाच्या मागच्या कनातीची फट रुंदावली होती आणि तिथं बिराप्पा उभा होता. त्याच्या हातातल्या डावातून रश्श्याचे थेंब सतरंजीवर पडत होते.

"मग त्यानं दुसरा तयार केला. आपल्या धाकट्या भावाला, पीटरला शिकवलं. दोन-अडीच वर्षं शिकवलं. भावाचा हात त्याच्यासारखा चालायला लागला, तेव्हा जेम्स सुटला."

गुलामदस्तगीरांचा उजवा तळवा फेट्यावर उताणा झाला होता आणि अंगठा बोटांवरून सावकाश फिरत होता, चिमटीतलं मीठ सोडताना फिरतो तसा. हात शिकवणं म्हणजे काय, ते त्यांना माहीत होतं. त्यांना स्वतःला कामाला नको म्हणता येत होतं. आजवर कुणाला नको म्हणून बघितलं नव्हतं, पण म्हणता येत होतं. त्या माणसाला ते येत नव्हतं, आणि तरी समुद्रापलीकडचे बादशाही लोक त्याच्या पातेल्यापाशी अडले होते. भावाला कांदा कसा चिरायचा ते दाखवताना तो काय बोलत असेल? लवकर शीक म्हणत असेल, का सावकाश शीक?

ते उभे राहिले. या वेळी कुणी हसलं नाही.

"सर, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्यो सुटला. त्या भावाचं काय झालं?"

सरांनी चष्मा काढला. विश्रामबागेत भाषणानंतर एकच प्रश्न आला होता आणि तो चहाबद्दल होता.

"भाऊ तिथंच राहिला, बाबा. त्याच चुलीवर. पुष्कळ वर्षं."

"आन् नाव काय म्हनला पहिल्याचं?"

"जेम्स. जेम्स हेमिंग्ज."

"जेमस," गुलामदस्तगीर म्हणाले. "आन् बाकीचे? दुसऱ्या वाड्यांवर असतील की."

"हजारो होते. त्यांची नावं विचारून ठेवावीत, असं जेवणाऱ्यांना वाटलं नाही."

गुलामदस्तगीरांनी मांडीवरून उचललेला फेटा हातातच होता. तो त्यांनी परत डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी नीट दाबून बसवला आणि मग खाली बसले. व्याख्यान संपेपर्यंत ते हलले नाहीत. शाल-श्रीफळ मोहिते सरांना मिळालं. आभार मानताना लालासाहेब सगळ्या चेअरमनांप्रमाणे लांब बोलले, आणि तेवढा वेळ बिराप्पा कनातीच्या फटीत डाव धरून उभाच होता.

पंगत बसली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पुढं पत्रावळी आणि द्रोण. गुलामदस्तगीर कोट न काढताच रस्सा वाढत निघाले. आज ते रोजच्यापेक्षा सावकाश वाढत होते, प्रत्येक द्रोण कोण्या राजदूताचा असल्यासारखा. बघता बघता भाकरी चुरली गेली, घास तोंडात गेले.

कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं, कुणी द्रोणाचा वास घेतला. लालासाहेबांनी घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि मान वर केली.

"कुणी केलाय रं ह्यो रस्सा?"

पलीकडच्या पंगतीत हुसेनबीचा हात पत्रावळीवर थांबला.

गुलामदस्तगीरांनी बादली खाली ठेवली. कोटाच्या दोन्ही बाजू हातानं ओढून मधोमध जुळवल्या.

"गुलामदस्तगीर बाबालाल मुल्लाणी," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "मुक्काम पोस्ट मलकापूर."

रस्सा तळाला लागला होता.