मागचं डावं बसतंय

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये पांढरी उंच गाडी उभी होती आणि तिच्याभोवती सकाळी सकाळी ही गर्दी. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त कारकून हवा मोजायचा काटा घेऊन मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. काटा लावून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "चौतीस. हवा पुरती आहे." मग सगळ्यांनी खिडकीतून आत माना घातल्या. स्टिअरिंगमागच्या पडद्यावर त्याच चाकाचं चित्र लाल झालं होतं आणि शेजारी आकडा होता, बावीस.

चाकात हवा आहे आणि गाडी म्हणते नाही. गर्दीतून हुंकार उठला. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"काट्याला नुसती हवा कळते," लहरीबाबा डोळे मिटून म्हणाले. "गाडीला भार कळतो. ती येऊन बसली आहे."

ती म्हणजे माझी भाची. मागचं डावं दार धरून उभी होती ती माझी धाकटी बहीण, तिची आई. त्या क्षणी बहिणीचा चेहरा इतका निवांत झाला, की मी शाळेत विज्ञान शिकवतो याची मला लाज वाटली.

भाचीला आम्ही गोगू म्हणायचो, गोगलगायीचं गोगू. कारण बूट घालायला तिला एक युग लागायचं. भावोजी गाडी सुरू करून वाट बघत बसायचे. ती रमतगमत यायची, मागच्या डाव्या सीटवर चढायची, पट्टा लावायची आणि जाहीर करायची, "बसले." त्याशिवाय गाडी हलवायची नाही असा तिचा हुकूमच होता. ही मोठी गाडी तिच्याच हट्टापायी घेतली, कारण जुन्या गाडीच्या खिडकीतून तिला नुसत्या भिंती दिसायच्या. नवी गाडी जेमतेम जुनी होते न होते तोच तिला ताप आला. तो उतरलाच नाही. आठ वर्षांची होती. पुढच्या सीटच्या पाठीवर तिच्या बुटांचे ठसे अजून आहेत, आणि बहीण तिथे कोणाला फडकं लावू देत नाही.

ती गेल्यावर महिन्याभरात गाडीची नेहमीची सर्व्हिसिंग झाली आणि त्यानंतर तो लाल दिवा लागायला लागला. भावोजींनी गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या लोकांनी मागचं डावं चाक उतरवलं, पाण्यात बुडवलं, बुडबुडा काही आला नाही. चारही चाकांत हवा भरून, दिवा बंद करून गाडी परत दिली. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. पुन्हा तेच केलं. तिसऱ्या खेपेला इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार म्हणाला, की नव्या गाड्यांचे सेन्सर जरा हळवे असतात, सिस्टीममध्ये काही दोष दिसत नाही, तुम्ही मनावर घेऊ नका. तिथल्या वेटिंग रूममध्ये कॉफी फार छान मिळते. उत्तर तेवढं मिळत नाही.

पुढे त्याच सल्लागाराचा घरी फोन आला आणि तो नेमका बहिणीने घेतला. मी समोर होतो. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"मॅडम, मागचं डावं बसतंय असं गाडी दाखवते खरी, पण आम्हाला काही सापडत नाही."

"कोण बसतंय?" बहिणीने विचारलं.

"चाक, मॅडम," तो म्हणाला. पण तिने फोन आधीच खाली ठेवला होता.

आपल्या भाषेत हवा गेली की चाक बसतं. त्याला कोणी काय करणार? पण ज्या घरात एक शब्द ऐकण्यासाठी जीव तळमळतोय, तिथे तो शब्द वर्कशॉपमधून आला तरी घरचाच वाटतो. तिने तो शेजारणीला सांगितला. शेजारीण लहरीबाबांना घेऊन आली.

हे बाबा म्हणजे आधुनिक प्रकरण. अंगारा नाही, कमंडलू नाही, मनगटावर महागडं घड्याळ. सगळं लहरींवर चालायचं. आत्मा म्हणजे लहर, सेन्सर म्हणजे लहरी पकडणारं यंत्र, गाडी नवी म्हणून लहरी शुद्ध. वर्कशॉपमधून आल्यावर काही दिवस दिवा का लागत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिथल्या गोंगाटात पोर बुजते. सावकाश परत येते." त्यांचं नाव लहरी कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती. बाबांना आमची गाडीही आवडली होती. गोगूला फिरायची हौस आहे, असं सांगून ते स्वतः पुढच्या सीटवर बसून गावभर आपली कामं उरकत. आणि त्यांनी एक सक्त ताकीद दिली होती, की चाकांत हवा भरायची नाही. हवा भरणं म्हणजे लेकीला खाली उतरवणं.

त्या सकाळी गर्दी जमली होती ती त्यांना निरोप द्यायला. बाबा, बहीण आणि भावोजी हमरस्त्याने दूरच्या शहरात निघाले होते. तिथल्या मेळाव्यात बाबा ही गाडी दाखवणार होते. गाडी कुठेतरी खोटं बोलतेय आणि हे तिघं तिला शंभरच्या वेगाने पळवणार, या विचाराने मला रात्रभर झोप नव्हती. एक भाची गेली होती. आता बहीण घालवायची माझी तयारी नव्हती.

मी कारकुनांकडून काटा मागितला. बाबा म्हणाले, "मास्तर, मोजून झालंय." मी म्हटलं, एकच चाक मोजून झालंय. आणि खरंच, इतक्या दिवसांत बाकीची तीन कोणी मोजलीच नव्हती. पडदा ज्या चाकाकडे बोट दाखवायचा, त्याच चाकापाशी सगळे बसायचे, वर्कशॉपवालेसुद्धा. बाकीच्या चाकांत ते आधीचा आकडा न बघताच हवा भरायचे.

मागचं उजवं चौतीस. पुढचं डावं चौतीस. पुढच्या उजव्या चाकाला काटा लावला. बावीस. भावोजी गाडी चालवायला बसतात त्यांच्या बरोबर खालचं चाक. पडदा जो आकडा दाखवत होता, तोच.

मी बहिणीला म्हटलं, "तू आत बस आणि मागच्या डाव्या चाकाचा आकडा वाच." ती स्टिअरिंगसमोर बसली, काच खाली केली. मी तिच्या खिडकीखाली, पुढच्या उजव्या चाकापाशी बसलो आणि नखाने व्हॉल्व्ह दाबला. फुस्स करून हवा सुटू लागली.

"बावीस," ती म्हणाली. जरा वेळ गेला. "एकवीस." मग, "वीस." मग तिने खिडकीतून खाली माझ्या हाताकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"पुरे, दादा," ती म्हणाली.

मी हात काढला. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की सर्व्हिसिंगच्या वेळी चाकांची अदलाबदल करतात, पुढचं मागे आणि मागचं पुढे, तेही तिरपं, म्हणजे सगळी सारखी झिजतात. हवा मोजणारा सेन्सर चाकाच्या आत असतो, तो चाकाबरोबर जातो. या गाडीला कोणतं चाक कुठे गेलं हे नव्याने शिकवावं लागतं. ते शिकवायचं राहून गेलं. मागचं डावं चाक पुढे उजवीकडे आलं, त्याची हवा गळतेय, आणि गाडी बिचारी जुन्याच जागेचं नाव घेतेय.

"मागे कोणीच नव्हतं?" बहिणीने विचारलं.

"नव्हतं गं."

इतकं कठीण वाक्य मी आयुष्यात बोललो नाही. पण बाबा हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि सांगितलं, की लहरी सरकतात, पोर आता पुढे येऊन बसली आहे. गर्दीतल्या दोन माना लगेच हलल्यादेखील.

बहीण गाडीतून उतरली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "मी तिला पुढे कधी बसू दिलं नाही," ती म्हणाली. "लहान होती ती."

बाबांनी घड्याळात पाहिलं आणि पायी निघाले. गर्दीही एकेक करून जिन्याकडे वळली. कारकून काटा परत न्यायला विसरले.

मी हवा भरून घेतली आणि आम्ही तिघं हळूहळू वर्कशॉपला गेलो. पुढच्या उजव्या टायरच्या आतल्या कडेला खिळा निघाला. बोटाच्या पेराएवढा. मेकॅनिकने चाक दुरुस्त केलं, चारही सेन्सरची गाडीला नव्याने ओळख करून दिली, चहा पिऊन होईल एवढंच ते काम. सल्लागार म्हणाला, "सॉरी सर, राहून गेलं." मी त्याला म्हटलं, तू तेव्हा 'आमच्याकडून काही राहिलंय का ते बघतो' एवढं म्हणाला असतास तरी चाललं असतं. तू म्हणालास काही नाही. ज्याचं काम उत्तर देण्याचं तो काही नाही म्हणाला, म्हणून माझी बहीण उत्तर असलेल्या माणसाकडे गेली. मग ते उत्तर कसलंही असो.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. कोणी एका चाकाकडे बोट दाखवलं, तर चारही मोजा. दुःखात असाल तर जरूर मोजा, कारण तुमचं दुःख हेरूनच कोणीतरी बोट दाखवत असतो. आणि एखाद्या आईचा भ्रम तोडावा लागला, तर तो तोडून लगेच घरी जाऊ नका. तिच्यापाशी थांबा.

मी थांबलो. परत निघताना मागच्या उजव्या सीटवर मी बसलो होतो, पुढे बहीण. माझ्या डावीकडची सीट रिकामी होती, समोर ते बुटांचे ठसे. भावोजींनी गाडी सुरू केली. पडद्यावर चारही चाकं पांढरी होती, लाल काही नव्हतं. बहीण त्या पांढऱ्या चित्राकडे बघत राहिली. भावोजींनी गिअरवर हात ठेवला आणि जुन्या सवयीने तसेच थांबून राहिले.

"निघा आता," बहीण म्हणाली. "कोणी बसायचं राहिलेलं नाही."