आवडाबाईचे सात दिवस

“ताई, पोटात मिश्रण नसेल तर हिचं बटण दाबायचं नाही. आणि रोज रात्री खोलून धुवायची.”

कंपनीच्या सुदर्शन सरांचे हे शब्द माझ्या कानांत अजून आहेत. मित्रांनो, ते माझ्याबद्दलच बोलत होते. मी गारखेड्यातल्या एका दुकानातली जुनी सॉफ्टी मशीन. दांडा ओढला की कोनावर मऊ आइस्क्रीमची वेटोळी चढवते.

सुलेखाताई आणि राजेंद्रदादांनी सहा वर्षांपूर्वी आइस्क्रीमच्या कंपनीची फ्रँचायझी घेतली. कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, कामगाराला सात दिवस पुण्याला शिकायला पाठवा. भाडं, राहणं आणि त्या दिवसांचा पगार दुकानाच्या मालकानं द्यायचा. दादा हसले.

“आइस्क्रीम वाढायला काय शाळा लागती व्हय? सर येणारच हायेत उद्घाटनाला, दाखवतील.”

फ्रँचायझीची रक्कम, अनामत, फर्निचर, पाटी, सत्यनारायण, दोनशे पानांचं जेवण, असा सगळा खर्च त्यांनी मांडला. शिकवण्याचा रकाना मात्र रिकामा राहिला.

उद्घाटनाला गंगापूरहून जीपा भरून पाहुणे आले. दुकानात कामाला एकच बाई होती, पिशोरची आवडाबाई. तिच्या हातात मठ्ठ्याची बादली दिली होती. सर माझ्याजवळ उभे राहून समजावू लागले. ताईंनी दोन वाक्यं ऐकली, तेवढ्यात दादांच्या आत्याबाईंनी हाक मारली. मग सरांनाच टोपी घालून पंगतीत बसवलं. “जेवा हो सर! मशीन काय पळून चालली?” जेवून सर निघून गेले.

नवव्या दिवशी आवडाबाईनं रिकाम्या पोटीच माझं बटण दाबलं. आतलं पातं कोरडं घासलं, पट्टा जळाला. मी अशी किंचाळले की गिऱ्हाईक बाहेर पळालं.

“अगं माय, काय झालं गं तुला?” आवडाबाई रडवेली झाली.

दुरुस्ती झाली. पण कंपनीनं बजावलं, महिन्यात शिकलेला माणूस दिसला नाही तर फ्रँचायझी बंद.

“हिला काढू,” दादा म्हणाले. “दुसरी बघू, शिकलेली.” आवडाबाई तिथंच फरशी पुसत होती. तिचा हात थांबला. त्या पगारावर तिचं घर चालायचं.

“तिला शिकवलं कुणी?” सुलेखाताई हळू आवाजात म्हणाल्या. “सर शिकवत होते तेव्हा आपणच तिला पंगतीत वाढायला लावलं. चूक आपली आहे. तिलाच पुण्याला शिकायला पाठवू.”

“आन् पैसे?”

“माझ्या सोळा सोमवारच्या उद्यापनाचे आहेत. पाच जोडपी घरातच जेवू घालू. महादेव काही पानं मोजायला येत नाही.”

दादा पुण्याला फोन लावायला उठले. आवडाबाई मात्र घाबरली. “मला लिवता येत नाय, ताई. हसतील मला तिथं.”

“हसू द्या. तुम्ही हातानं शिका.”

“मग माझा बी एक शबूद घ्या. तुमच्याकडं जी नवी बाई येईल, तिला मी शिकवीन. तवर मशीनला हात लावू देनार नाय.”

सात दिवसांनी ती परतली. तेव्हापासून रोज दुकान बंद झालं की ती मला खोलते. सगळे भाग धुतलेल्या फडक्यावर ओळीनं मांडते, रबरी कड्या ओठांत पुटपुटत मोजते, कोमट पाण्यानं धुते. माझा पत्रा आता मळला आहे, रंग उडाला आहे; पण त्या दिवसानंतर मी पुन्हा किंचाळले नाही. देवानं मला असे हात दिले, आणखी काय मागू?

मित्रांनो, एवढंच सांगते. यंत्र विकत घ्याल तेव्हा ते चालवणाऱ्या माणसाला शिकायला पैसा आणि सवड आधी बाजूला काढा. माणसाला न शिकवता रागावू नका.

आता गंगापूरला दुसरं दुकान उघडतंय. खर्च मांडताना दादाच म्हणाले, “सुलेखा, शिकवायचं आधी लिव. पाहुण्यांना पेढा पुरे.” तिथं कामाला सोनिया नावाची मुलगी ठेवली आहे. तिचा पगार सुरू झाला आहे, दुकान मात्र आठ दिवसांनी उघडेल; तोवर तिनं फक्त शिकायचं.

आज सकाळी आवडाबाई लवकर आली. माझ्यावर कापड पांघरलं, एप्रन पिशवीत घातला, चपला चढवल्या आणि कुणी न सांगताच गंगापूरच्या जीपकडं चालू लागली.