जनरलची गुलाबी पिसं

इंग्लंडातल्या लडलो नावाच्या गावात इतर बायकांचे नवरे रविवारी बागेत खपत. डॉर्कस ट्रँटरचा विल्फ मात्र मेलेल्या लष्करी साहेबांच्या, हौसेनं जमवलेल्या टोप्या झटकत बसे. "घरात डोकी दोन आणि टोप्या चाळीस," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

त्यातल्या एकीवर विल्फचा फार जीव. जनरल हार्कनेसची दोन टोकांची काळी टोपी, वर हंसाची लांब पांढरी पिसं आणि त्यांच्या पोटात लाल पिसं. तिचा मूळ पत्र्याचा डबा, जनरलचं नाव कोरलेला, त्याच्या नातीकडे होता. टोपी नीट जपलेली दिसली तर डबा देईन, असं मिस हार्कनेसनं कळवलं होतं. आज ती चहाला येणार होती. टोपी आणि डबा एकत्र यावेत, याहून जास्त विल्फनं कधी काही मागितलं नव्हतं.

सकाळी तो केक आणायला गेला आणि डॉर्कसची नजर टोपीवर पडली. पिसं पार धुरकटलेली. पाहुणी काय म्हणेल, ट्रँटरांकडे साबण नाही? तिनं पिसं कोमट पाण्यात बुडवली. लाल पिसांचा रंग सुटला आणि थेट पांढऱ्यांत चढला.

विल्फनं परत येऊन ते पाहिलं. तो फुंकर घालत पिसं वाळवत बसला. दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मिस हार्कनेस डबा मांडीवर घेऊन बसली. टोपी बघून तिचा चहा बशीत सांडला.

"ही गुलाबी कशी?"

"मी धुतली," विल्फ म्हणाला. "माझीच अक्कल."

डॉर्कस त्याच्याकडे बघत राहिली. एखादी टोपी विकताना तिचं बदललेलं बटणसुद्धा गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवणारा हा माणूस.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "याला पायमोजे धुता येत नाहीत, पिसं काय धुणार? मी धुतली. काय बोलायचं ते मला बोला, बाई."

मिस हार्कनेसनं केक संपवला. डबा उचलला आणि ती निघून गेली.

विल्फ टोपी कपाटात लपवायला निघाला. डॉर्कसनं ती त्याच्या हातातून घेतली आणि शेकोटीवरच्या फळीवर मधोमध ठेवली.

"राहू दे इथेच. विचारेल त्याला मी सांगेन."

"आडवी ठेवलीस," विल्फ हळूच म्हणाला. "टोक कपाळावर यायला हवं, कानावर नाही."

"मग फिरव की."

पण तिनं टोपी काही सोडली नाही, तेव्हा दोघांनी मिळूनच फिरवली.