एका बटणाची पावती

मित्रांनो, मी एक जुने कार्डाचे मशीन आहे आणि मी कुणाची फुटकी कवडीही खाल्लेली नाही. हे आधीच ठणकावून सांगते, कारण गल्लीतले दुकानदार माझ्याकडे बोट दाखवून "हेच ते खादाड!" म्हणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून मी बटणांच्या दुकानात आले. भिंतभर छोटे खण, त्यांत बटणे, सुया, दोरे, नाड्या. मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांनी मला मऊ कापडाने पुसले आणि येईल त्याला कौतुकाने दाखवले. तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू!

या दुकानाची एक रीत आहे, काकूंच्या सासूबाईंनी घालून दिलेली. एकच बटण हवे असले तरी गिऱ्हाईक परत पाठवायचे नाही. पण लोक त्या एका बटणालाही कार्ड लावू लागले. दर पावतीमागे बँक आणि कार्डकंपनी आपला वाटा कापतात. विक्री कितीही छोटी असो, वाटा ठरलेल्या रकमेखाली उतरत नाही. बटणाचा नफा त्यातच बुडायचा. काकूंना दुकानाचे भाडे जड जाऊ लागले आणि मला रिळांच्या मागे ढकलले गेले. मला फार वाईट वाटले.

"वहिनी, पाटी लावा. छोट्या खरेदीला कार्ड चालणार नाही," दीर म्हणाले.

"तुमच्या आईंची रीत मोडू? त्यापेक्षा कायदाच बदलून आणते!"

दुकानदारांची संघटना कायदे करणाऱ्यांच्या समितीपुढे गाऱ्हाणे मांडायला निघाली, तेव्हा काकूंनी मला पिशवीत घातले. बँकांचे वकील गोड बोलले. आमच्या पुढाऱ्याने एवढे तक्ते दाखवले की एक सदस्य चक्क पेंगू लागले. मग काकू उठल्या.

"अध्यक्षसाहेब, तुमच्या कोटाचं मधलं बटण गेलंय. घ्या एक. कार्ड चालेल."

हशा पिकला. साहेबांनीही हसत कार्ड टेकवले. मी कुरकुरत पावती काढली.

"बटण तुम्हाला, नफा बँकेला," काकू म्हणाल्या. "मला काय उरलं? बटणाचं भोक!"

आता कोणी हसेना.

"मग एवढ्याशा विक्रीला कार्ड घेऊच नका ना," साहेब म्हणाले.

"दुकान माझं, कष्ट माझे, आणि माघारही मीच घ्यायची? नाही घेणार."

पुढच्याच आठवड्यात बँकेचा माणूस दुकानात आला. काकूंनी समितीकडे जाणे थांबवले, तर फक्त त्यांच्यापुरता वाटा कमी होणार होता, वर नवे कोरे मशीन फुकट. भाडे थकले होते. काकूंनी ते नवे मशीन हातात घेऊन पाहिले. माझे तर धाबे दणाणले.

"आणि शेजारच्या चांभाराचं काय?" त्यांनी विचारले.

"त्याचं तो बघेल."

"मग हे नवं मशीन तुम्हीच न्या. आम्ही सगळे मिळूनच बघू."

मित्रांनो, छोट्या विक्रीवरचा वाटा कमी करणारे आमचे विधेयक समितीने अखेर पुढे पाठवले आणि त्यावर उद्या मतदान आहे. मला आपटू नका, धुळीत टाकू नका. आणि कार्ड टेकवताना एवढे जरूर विचारा, की यातले दुकानदाराला किती मिळाले. उद्या आम्ही हरलो, तर परवा पुन्हा जाणार आहोत. काकूंनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, आणि तिच्यात सगळ्यांत वर मी आहे.