दारातले जोडे

सेझिमने संगणकावर प्रोग्रामच्या चित्रावर पुन्हा दोनदा टिचकी मारली. दुसरी खिडकी उघडली नाही. आधीचीच पुढे येऊन उभी राहिली.

"कालपर्यंत हा प्रोग्राम दोनदा उघडायचा," ती म्हणाली. "रात्री अपडेट झाला आणि आता एकच खिडकी देतो."

"नवी सून आली की पहिल्या दिवशी एकच चूल ठेवते," बातमा आपा जमिनीवरून म्हणाली. तिने दाबलेल्या लोकरीचा लाल आणि तपकिरी नमदा एकावर एक अंथरला होता आणि ती सुरीला धार लावत होती. शेजारी तिची नात मेरिम लोकरीचा दोरा गुंडाळत होती.

कोचकोर गावात शिर्दाक गालिचा असाच होतो. दोन नमदे एका सुरीने कापायचे, मग लाल नक्षी तपकिरीत बसवायची आणि तपकिरी लालमध्ये. एका कापात दोन गालिचे. आणि चूक झाली तर तीही दोन्हींत. आज पहिल्यांदाच एका मुलीने काढलेली नक्षी सुरीखाली जाणार होती. कोपऱ्यातल्या मेंढ्याच्या शिंगांचं वळण सेझिमने सकाळीच पुरं केलं होतं. दोन्ही रंगांत ते शेजारी शेजारी ठेवून पाहणं तेवढं राहिलं होतं.

"एक बंद कर, दुसरी बघ," बातमा आपा म्हणाली.

"बघितली. दुसरी येईपर्यंत पहिली डोळ्यांतून जाते."

"मग मी चहा होईपर्यंत थांबते. नाहीतर माझ्या सासूची नक्षी आहेच. तिला वीज लागत नाही."

सेझिमने मागे पाहिलं. खिडकीपाशी बुरुलचा एजे, म्हणजे बुरुलचाताई, उभ्या होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मुलींसाठी ही संगणकाची खोली त्यांनीच मिळवली होती, आणि तिची किल्ली त्यांच्याच गळ्यात असे.

"एजे, तुम्ही करून द्या ना."

"माझे हात गुंतलेत," एजे म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते.

मेरिम फिसकन हसली.

"तू त्याला काय विचारतेस, आणि तो काय सांगतो?" एजेंनी विचारलं.

"मी दार वाजवते. तो म्हणतो, मी आत आहेच."

"आत कुणी आहे, हे त्याला कशावरून कळतं?"

 सेझिमने प्रोग्रामचा फोल्डर उघडला. प्रोग्राम बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला. चालू झाला की तिथल्या फाईलींच्या गर्दीत एक इवलीशी फाईल उगवायची. बंद केला की नाहीशी व्हायची. चहाच्या समोवरचं पाणी गुणगुणू लागलं होतं.

"जोडे," ती हळूच म्हणाली. "आत जाताना हा दारात जोडे काढून ठेवतो. दुसरा येतो, जोडे बघतो आणि परत फिरतो."

"मग?"

"मग दुसऱ्याला दुसरं घर द्यायचं."

तिने प्रोग्रामची एकच फाईल उचलून दुसरीकडे ठेवली. काही झालं नाही. ती कचरापेटीत टाकून तिने अख्ख्या फोल्डरचीच प्रत केली आणि त्या प्रतीतून प्रोग्राम चालवला. तिथे दारात जोडे नव्हते. दुसरी खिडकी उघडली.

लाल आणि तपकिरी नक्षी शेजारी उभ्या राहिल्या, आणि सेझिमचा हात थांबला. एका चित्रात शिंगांमध्ये सुरेख बारीक फट होती. दुसऱ्यात तीच फट नमद्याची पट्टी झाली होती, सुतळीएवढी.

बातमा आपा गुडघ्यावर हात देऊन उठली, वाकून पाहू लागली. "शिवताना पहिल्या टाक्यालाच तुटली असती," ती म्हणाली. "रुंद कर. अजून. हं, आता माझी सुरी जाईल."

खडूने नक्षी नमद्यावर उतरली आणि सुरी चालली. एजेंनी चहा ओतला. पहिला प्याला त्यांनी सेझिमपुढे धरला.

"अगं बाई, म्हातारीच्या आधी पोरीला?" बातमा आपा म्हणाली.

"आज नक्षी तिची आहे," एजे म्हणाल्या, आणि साय आणायला बाहेर गेल्या.

सेझिमची मान ताठ झाली होती. प्याला ठेवून ती आवराआवर करायला बसली. मघाची फसलेली फाईल कायमची काढून टाकावी म्हणून तिने कचरापेटी उघडली. फाईलखाली एक फोल्डर पडला होता. त्याच प्रोग्रामची अख्खी प्रत. आज सकाळीच केलेली आणि सकाळीच टाकून दिलेली, मुली यायच्या आधी.

एजे ज्यातून बाहेर गेल्या त्या दाराकडे तिने पाहिलं. मग कचरापेटी रिकामी केली.

"सेझिम एजे," मेरिम दोरा टाकून जवळ आली, "दुसरी खिडकी कशी उघडलीस गं? मला करून दाखव."

सेझिम खुर्चीवरून उठली. मेरिमला तिने तिथे बसवलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आधी दार तर वाजव," ती म्हणाली.