खतकुंडीतला गरम त्रिशूळ

डिसेंबरातल्या एका सकाळी रावेतच्या आमच्या सोसायटीतली साठ-सत्तर माणसं चपला काढून खतकुंडीसमोर उभी होती. एकशेवीस घरांचा ओला कचरा जिथं कुजतो, तिथं उदबत्त्या लागल्या होत्या. ढिगातून वाफ निघत होती. दत्तोबा महाराजांनी आदल्या संध्याकाळी खुपसलेला त्रिशूळ उपसला आणि नेमका माझ्या मनगटाला टेकवला. चांगलाच चटका बसला. मी हात जोडले.

मी मुकुंद, सोसायटीचा सेक्रेटरी. चाकणच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं भट्टीवर इंजिनिअर आहे. लोखंड किती तापलं आणि का तापलं, हे सांगायचा मला पगार मिळतो. पण गेटमधून बाहेर पडताना मी अक्कल तिथंच जमा करून येतो, हे त्या दिवशी कळलं.

महाराज बी विंगमधल्या कुणाचे तरी पाहुणे. निर्माल्यातून देवी उठली आहे, ही कॉस्मिक एनर्जी आहे, शास्त्रज्ञांना सगळं ठाऊक असतं पण ते बोलत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. शास्त्रज्ञांच्या वतीनं मी मान डोलावली. यापुढं ढिगाला कुणाचाही हात लागता कामा नये, कचरा निवडणारा तर नाहीच, अशी आज्ञा झाली. म्हणजे शालनबाईंचा हात.

शालनबाई निघोजे गावच्या. कचरा निवडायचा, त्यात सुका पाला मिसळायचा, दर तीन दिवसांनी ढीग उलटायचा, हे त्यांचं काम. त्यावर त्यांचं घर चालतं. त्यांना थांबवायला कमिटीनं मला पाठवलं. ढीग उलटला नाही तर गार पडेल, एवढंच त्या म्हणाल्या. शिकलेली माणसं हसतात तसं मी समजूतदार हसलो.

दहा दिवसांत वाफ थांबली. माश्या आल्या, दुर्गंधी चौथ्या मजल्यावर पोचली, त्रिशूळ गार पडला. महाराजांनी डोळे मिटून निदान केलं की कामावरून थांबवलेल्या बाईनं करणी केली आहे. शालनबाईंना कायमचं काढायचं आणि शेजारच्या सोसायट्यांनाही कळवायचं, असं ठरत आलं. तसं झालं असतं, तर रावेतमध्ये त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

त्यांना सभेत बोलावलं. जाब विचारायची कामगिरी अर्थातच माझी.

"काय केलंत तुम्ही?"

"काय बी केलं न्हाई साहेब. म्हणून तर गार पडला. गावाकडं उकिरडा बी असाच तापतो, तिथं कुणी आरती करत न्हाई. तीन दिवस द्या मला."

हवा बंद केली की भट्टी विझते, हे मला तेव्हा आठवलं. महाराज कोपाची भाषा बोलू लागले. कोप झाला तर सेक्रेटरीवर होऊ दे, असं मी म्हणालो. सभेनं तीन दिवस दिले.

शालनबाईंनी ढीग उलटला, पाला घालून मोकळा केला. तिसऱ्या सकाळी पुन्हा वाफ निघू लागली. मी कारखान्यातून थर्मामीटर आणला होता. आत पासष्ट अंश. त्यांनी बांधकामावरची साधी सळई खुपसली, थोड्या वेळानं उपसली आणि माझ्या हातात दिली. तसाच चटका बसला.

मग मी सगळ्यांना समजावलं. डोळ्यांना न दिसणारे जीव कचरा खातात, त्यातून उष्णता निघते, लोखंड ती बाहेर आणतं. त्या जीवांना हवा मिळाली नाही की ढीग गार पडतो आणि सडतो. दुसऱ्या कुणी सळई घालून पाहू नये, म्हणूनच तर हात लावायला बंदी होती.

महाराज डगमगले नाहीत. देवी आता या बाईच्या हातात उतरली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्या अध्यक्ष पद्माकाकू लगेच शालनबाईंच्या पाया पडायला वाकल्या. सांगायला लाज वाटते, पण त्यांच्यामागून सवयीनं मीही वाकलो.

शालनबाई मागं सरल्या. "पाया नका पडू. ज्या तोंडानं करणी केली म्हणालात, त्याच तोंडानं समद्यांसमोर म्हणा, न्हाई केली. आन् उद्यापासून वला-सुका येगळा करून द्या."

मी ताठ उभा राहिलो आणि सगळ्यांच्या आधी, मोठ्यानं म्हणालो, "शालनबाईंनी करणी केली नाही." लोकहो, मागणं एवढंच आहे: कुणाच्या पोटावर पाय देण्याआधी ढीग उकरून बघत चला.