पहिला कागद

"घडी कुठंय याची?" मी विचारलं.

"घडी पडलीच नाही त्याला," काका म्हणाले. "मशीनवरचा पहिला कागद हा. रंग बरोबर बसला म्हणून फोरमननं पास केला आणि मला म्हणाला, जा, ठेव घरी."

ग्रंथालयाच्या सभागृहात माझ्याकडच्या जुन्या सिनेमा-पोस्टरांचं प्रदर्शन लागलं होतं. एरवी मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. पोस्टरं हा बावीस वर्षांचा नाद. त्या दिवशी लोक घरातली पोस्टरं घेऊन येत होते आणि मी अस्सल की नकली ते सांगत होते. टेबलापुढे रांग होती. काका छापखान्यातले निवृत्त मशीनमन. सोबत मुलगा, सून आणि लहान नात. पोस्टर त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून आणलं होतं.

त्या काळची पोस्टरं छापखान्यातून घडी घालूनच थिएटरांकडे जात. घड्यांच्या रेघा, कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं, ही अस्सलपणाची पहिली खूण. याला घडी नाही, भोक नाही, रंग तर कालचे वाटावेत असे. मी खिशातलं भिंग बाहेरसुद्धा काढलं नाही.

"ही नंतरची छपाई आहे, काका. चांगली आहे, पण मूळ नाही."

"अहो, मी स्वतः..."

"वयानं होते गल्लत कधीकधी."

हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती.

मुलगा हसला. "घ्या आबा! जन्मभर ऐकतोय आम्ही, पहिला कागद, पहिला कागद. बाईंनी दोन मिनिटांत निकाल लावला." रांगेतलेही दोघं-तिघं हसले. मला माझ्या नजरेचं कौतुक वाटलं. काका कागद गुंडाळू लागले. तो काही सरळ गुंडाळला जाईना, तेव्हा नातीनं एक टोक धरलं.

चार महिन्यांनी मी एक पोस्टर विकत घेण्याआधी तपासत होते. भिंगातून घड्या दिसत होत्या, पण बोटाला लागत नव्हत्या. नकली होतं. घड्या पडलेल्या मूळ पोस्टराचा फोटो काढून नक्कल छापली, की घड्यांच्या सावल्याही छापल्या जातात. हे मला नवीन नव्हतं. तरी माझा हात थांबला. काकांच्या कागदावर सावलीही नव्हती. उलट कडेला न कापलेली पांढरी पट्टी होती आणि तिच्यावर रंग जुळवण्यासाठी छापतात त्या बारीक फुल्या. त्या मी पाहिल्या होत्या. पाहून सोडून दिल्या होत्या. जो कागद थिएटरकडे गेलाच नाही, त्याला घडी पडणार कुठून? प्रयोगशाळेत कुणी असा अहवाल लिहिला असता, तर मी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

प्रदर्शनाच्या वहीत पत्ता होता. तरी जायला आणखी तीन आठवडे लावले. कारणं पुष्कळ होती. त्यातलं एकही खरं नव्हतं.

दार सुनेनं उघडलं. काका खिडकीशी बसून भाजी निवडत होते, मुलगा वर्तमानपत्र वाचत होता.

मी बसले नाही. "तुमचं पोस्टर अस्सल आहे, काका. पहिलाच कागद होता तो. चूक माझी झाली."

मुलाचं वर्तमानपत्र खाली आलं. काका मात्र हसले. "छे हो. घोळ माझाच असेल. हजारो कागद गेले या हातांखालून. कुठला पहिला आणि कुठला शेवटचा, कोण सांगणार?"

"तुम्हाला बरोबर आठवत होतं."

"आठवायचं खरं," ते म्हणाले. "आता नाही सांगता येत."

मी सुनेला विचारलं, "कुठंय ते?"

ती कानकोंडी झाली. "मांडणीवर अंथरलंय, बाई. जाड कागद, मागची बाजू कोरी... तुम्हीच म्हणालात ना, मूळ नाही म्हणून."

ती घाईघाईनं डबे उतरवू लागली. साखर, मीठ, तेलाची बरणी. खालच्या कागदावर बरणीच्या बुडाएवढे तेलाचे गोल उमटले होते. मांडणीच्या मापानं त्याच्या तीन पट्ट्या झाल्या होत्या. मी एक कोपरा उचलला. खालून नायिकेचा अर्धा चेहरा वर आला, रंग अजून ताजे.

"कडेची पांढरी पट्टी?"

"ती जादा होत होती. कापून टाकली."

मुलगा उठून जवळ आला होता. तो कागदाकडे पाहत होता, मग वडिलांकडे पाहू लागला.

"राहू दे गं," खिडकीशी बसूनच काका म्हणाले. "भरलेले डबे कशाला उचलतेस? कंबर धरेल. आणि बाईंना पाणी तरी विचार."

"मी ठेवते," मी म्हणाले.

कोपरा सरळ केला आणि एकेक डबा जागच्या जागी ठेवत गेले. बरणी तिच्या गोलावर बरोबर बसली. पिठाचा डबा सगळ्यांत जड होता. त्याची आधी एक कड टेकवली आणि मग हलकेच दुसरी.